एका पाण्याची वाट

हर्सूलच्या घरी परवा नातवानं मोबाइलवर माझं माहेर ते सोयगाव अंतर काढलं. "आजी, सरळ रेघेत किती जवळ गं! आणि गाडीनं केवढा वळसा!" मला हसूच आलं. ती सरळ रेघ मी चाललेय, बाबा.

बहात्तरचा दुष्काळ होता. त्याची आई माझ्या कडेवर, तापानं फणफणलेली. डॉक्टर घाटाखाली सोयगावला, आणि एसटी आलीच नाही. शेजारचे धनगर तात्या बकऱ्या घेऊन निघालेच होते. म्हणाले, "चल पोरी, बकऱ्यांच्या वाटेनं उतरू. एका पाण्याची वाट हाय." म्हणजे वाटेत बकऱ्यांना एकदाच पाणी पाजायचं, की आलं सोयगाव.

पण वाटेतला तो पाण्याचा झराच कोरडाठाक! लेकीचे ओठ सुकलेले. "चुकलं माझं," म्हणत तात्यांनी शेळी धरली. करडू ओरडायला लागलं. "वरडू दे. आधी आपलं लेकरू." ते कोमट दूध मी पदराच्या टोकानं तिच्या ओठांत थेंब थेंब पिळलं. त्याचा वास अजून पदराला येतो, असं वाटतं.

"आजी, मोबाइलवर ती वाट दिसतच नाही."

नाही दिसायची. पण आत तुझी आई फोनवर मोठमोठ्यानं बोलतेय ना, ती त्याच वाटेनं आली.