आधी पाय, मग तोंड

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापासून दादाच्या फाटकापर्यंत फार तर दोनशे पावलं. सरडा तिसऱ्यांदा निम्म्यापर्यंत गेला आणि तिसऱ्यांदा परत दुकानापाशी आला. बसायला बाक होता, पण बसवत नव्हतं. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, ते या काखेतून त्या काखेत चाललं होतं.

दुकानदार बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "काका, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. आमच्या बँकेत होतात का?"

"नाही हो."

"मग वीज कंपनीत? बिलाच्या खिडकीवर?"

"तिथेही होतो," सरडा म्हणाला. खोटं नव्हतं. एका सिनेमात सव्वा मिनिट तो त्या खिडकीवर बसला होता.

त्याचं असंच व्हायचं. बेचाळीस वर्षं रंगभूमीवर आणि पडद्यावर काढली, अकरा वेळा न्यायाधीश झाला, नऊ मुलींचा बाप झाला, हवालदार किती वेळा झाला ते त्यालाही आठवत नाही. लोकांना चेहरा पाठ, नाव कुणाला ठाऊक नाही. नाटकवाल्यांनी त्याचं नाव सरडा ठेवलं ते रंग बदलतो म्हणून. त्यात कौतुक होतं आणि बोचकाराही होता, कारण नायकाचं काम मागायला गेला की निर्माते हसून म्हणायचे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. त्यानेही ते हसून ऐकून घेतलं. आतून चिडला असणार, पण चिडून घर चालत नाही.

सुरुवात झाली ती पडदा ओढण्यापासून. दिवसा एका कचेरीत कारकून, संध्याकाळी थिएटरात दोरीशी. एका प्रयोगाला दरवानाचं काम करणाऱ्याचा घसा बसला आणि याला ढकललं. चिठ्ठी द्यायची, "साहेब आलेत" म्हणायचं, संपलं. काही सुचेना तेव्हा तो कचेरीतल्या हेडक्लार्कसारखा चालत गेला, पोट पुढे, पावलं मागे, जणू पोटालाच बढती मिळालीय आणि बाकीचा माणूस तिथेच राहिलाय. त्याने तोंड उघडायच्या आत प्रेक्षक हसले.

त्या दिवसापासून त्याचा नियम ठरला. आधी पाय, मग तोंड. भूमिका मिळाली की तो संहिता बाजूला ठेवायचा आणि रस्त्यावर निघायचा. पायाला भिंगरीच. कुणाच्याही मागे मैल मैल चालायचा, वहीत लिहून ठेवायचा: "पोस्टातला मोठा साहेब, उजवा खांदा आधी पोचतो." "शाळेची बाई, टाच वाजवते, पण घराच्या वळणावर नाही." दोनदा लोकांनी त्याला चोर समजून धरलं. घरात तर बायकोच्या नाकी नऊ आले होते. आज जेवायला नवरा बसणार की निवृत्त सुभेदार, हे पाटावर बसेपर्यंत कळायचं नाही.

"एकदा तुमचे तुम्ही चालून दाखवा हो," ती म्हणायची.

तो हसून टाळायचा. खरं म्हणजे त्याने प्रयत्न केला होता, एकटा, बंद खोलीत. जमलं नव्हतं.

आणि मग ती चूक झाली. तशी चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाच्या हातून होणारच नाही.

एका विनोदी नाटकात त्याला लग्न जुळवणाऱ्या लबाड म्हाताऱ्याचं काम मिळालं. महिनाभर तालीम झाली, पाय सापडेना. दिग्दर्शक वैतागला, "उद्या नाही जमलं तर दुसरा माणूस घेतो," म्हणाला. दुसऱ्या सकाळी सरडा तालमीच्या हॉलमध्ये शिरला आणि काही ठरवायच्या आत पाय आपोआप पडू लागले. डावा पाय बाहेरून अर्धगोल फिरवायचा, टेकवायचा, क्षणभर थांबायचं, आणि हनुवटी जराशी वर घ्यायची, रस्त्याच्या टोकाला काहीतरी छान दिसल्यासारखी. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. कुणाची चाल आपण उचलली हे त्याला तिसऱ्या पावलालाच कळलं होतं. तरी त्याने ती सोडली नाही. हे त्याचं पाप, आणि ते त्याने स्वतःपाशी कधी नाकारलं नाही.

चाल होती दादाची. आठ वर्षांनी मोठा भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारा. लहानपणीच्या तापात त्याचा डावा पाय वाळला होता. वडील गेल्यावर धाकट्याला त्यानेच वाढवलं, कचेरीत चिकटवलं, आणि कचेरी सोडून नाटकात जातो म्हणाल्यावर सगळे तुटून पडले तेव्हा एकटा म्हणाला, "जाऊ दे त्याला, इथे बसला तर खुर्ची मोडेल." प्रत्येक नाटकाला दादा यायचा. तिसरी रांग, कडेची खुर्ची, म्हणजे पाय लांब करता येतो.

त्या नाटकालाही आला. सरड्याची एन्ट्री झाली आणि थिएटर हसण्याने दणाणलं. मध्यंतरानंतर कडेची खुर्ची रिकामी होती.

तो मेकअपसकट दादाच्या घरी धावला. दादा दारातच उभा होता. आवाज चढवला नाही, त्याला चढवता यायचाही नाही.

"पाय घेतलास ते ठीक आहे रे," तो म्हणाला. "पाय सगळ्यांना दिसतो. हनुवटी कशाला घेतलीस?"

आणि दार लावलं. नाटकाचे चारशे प्रयोग झाले. भावांमधला अबोला अकरा वर्षं टिकला. दोन्ही जावा फोनवर बोलायच्या, तेवढंच काय ते नातं उरलं.

हनुवटीचं काय एवढं, हे सरड्याला खरोखर कळलं नव्हतं. कळलं ते गेल्या हिवाळ्यात, त्याचाच डावा गुडघा गेला तेव्हा. आधी कळ यायची, मग पाय वाकेना, मग तो बाहेरून अर्धगोल फिरवल्याशिवाय उचलेना. पहिल्या दिवशी बायको ओट्याशी उभी राहून म्हणाली, "छान जमलंय. कुठल्या नाटकाचं?" शूटिंगला दिग्दर्शक म्हणाला, "वा, हे ठेवा, वकिलाला शोभतं." जन्मभर लांडगा आला रे केलं, आता लांडगा खरंच गुडघ्यात येऊन बसला तर कोण धावणार? बायकोचाही विश्वास बसला तो एक्स-रे पाहिल्यावर. ती रडली, मग स्वतःवरच चिडली.

ऑपरेशनची तारीख ठरली. पण सरड्याला गुडघ्यापेक्षा रस्ता छळत होता. चालताना माणसं बघायची. आयुष्यभर त्याने माणसांना आपल्याकडे बघायला लावलं होतं, पण हे बघणं वेगळं होतं. त्यात कीव होती. त्याची मान आपोआप खाली जायची. आणि एका दुपारी भर चौकात त्याला दादाची हनुवटी आठवली. मग त्याला झोप लागेना, जेवण जाईना, खुर्चीत पाच मिनिटं बसवेना. दादाला सांगायला हवं होतं. आणि दादाने ते खरं मानायला हवं होतं. पाय बरा झाल्यावर गेलं तर सांगायला तोंड उरलं नसतं, म्हणून आजच.

चौथ्या खेपेला तो फाटकापर्यंत पोचला. कडीला हात लावायच्या आत खिडकीतून आवाज आला.

"तिथेच थांब."

दादा खिडकीशी कामाच्या टेबलामागे बसला होता, डोळ्याला भिंग. केस सगळे पांढरे झाले होते.

"अकरा वर्षांनी आलास, तेही सोंग घेऊन? माझ्या दारात, मलाच दाखवायला?"

"दादा, सोंग नाही रे. गुडघा गेलाय. खरंच."

"तुझं खरं कसं ओळखायचं असतं, ते एकदा सांगून ठेव."

सरड्याने पाकीट वर धरलं. "एक्स-रे आणलाय."

"कागद काय, तुझ्या नाटकांत प्रत्येक अंकाला येतात."

आतून वहिनी म्हणाली, "अहो, भावजींना घरात तर येऊ द्या."

"येऊ दे की. आधी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत चालत यायला सांग. मी बघतो."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याला दोष कसा द्यायचा? सरडा वळला. एवढी कठीण परीक्षा त्याने कुठल्या निर्मात्यापुढे दिली नव्हती. चांगलं चाललं तर दादा म्हणणार, जमलंय. वाईट चाललं तर म्हणणार, उतारवयात कला गेली. प्रत्येक पाऊल मागून कसं दिसत असेल ते त्याला कळत होतं, आणि कळायचं थांबवता येत नव्हतं. कोपरा आला. तो परत फिरला. गटाराच्या झाकणापाशी गुडघ्यातून अशी कळ गेली की दादा, खिडकी, सगळं विसरायला झालं. उरली फक्त जमीन. इथे खड्डा, इथे दगड, इथे पाय ठेवू की नको. फाटकाशी तो अडखळला आणि गज धरून उभा राहिला. घामाने सदरा भिजला होता.

वर बघितलं तर दादा पायरीवर आला होता. भिंग हातात होतं.

"नाटकात हनुवटी वर होती," दादा म्हणाला. "आत्ता सगळा वेळ खाली बघत होतास."

"वर होत नाही रे. भीती वाटते." सरड्याने गज सोडला नाही. "मला वाटायचं, ती तुझी सवय आहे. ऐट आहे. म्हणून उचलली. लोकांना हसवलं तिच्यावर. दादा, चुकलो मी."

दादा तीन पायऱ्या उतरला, फाटक उघडलं, आणि धाकट्याच्या काखेतलं पाकीट काढून न उघडताच वहिनीकडे दिलं. मग त्याचा दंड धरला.

"चल. कोपऱ्यापर्यंत."

"परत?"

"परत."

दोघे निघाले. एकच अर्धगोल, एकच थांबणं, फक्त पावलं मागेपुढे. औषधाचा दुकानदार हातातलं काम सोडून दारात आला. समोरच्या गॅलरीतही कोणीतरी वाकलं. सरड्याची मान खाली गेली. दादाने त्याच्याकडे न बघता दंड दाबला.

"खाली काय बघतोस? हनुवटी वर घे," तो हळूच म्हणाला. "नाहीतर दुखतंय ते लोकांना कळतं."