काम नसताना केलेला फोन

डोळ्यांपुढं अंधारी येऊन मी ऑफिसात खुर्चीवरून घसरले, तेव्हा कंपनीनं माझ्यामागं ताण कमी करायला शिकवणारी एक कोच लावली. वाळूजला खरेदी विभागात माझी पंचवीस वर्षं गेली. दिवसभर फोनवर तोंडाचा पट्टा चालू: माल कुठंय, कधी निघणार, कालच का नाही निघाला? माझा नंबर दिसला की पुरवठादारांची पळापळ व्हायची, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची लई मजा वाटायची.

कोच पुण्याची, वयानं माझ्या निम्मी. स्क्रीनवरून गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, कामाशिवाय तुम्ही शेवटचं कोणाशी बोललात?" मला आठवेना. रागच आला. "मग या आठवड्यात तीन फोन करा. काही काम नसताना." घ्या! एवढीशी पोरगी मला फोन करायला शिकवते.

पहिला कॉलेजच्या मैत्रिणीला केला. "बोल, काय काम काढलंस?" म्हटलं, काही नाही गं, सहज. "मग नंतर करते हं, गॅसवर भाजी आहे." तिचा फोन अजून आलेला नाही. दुसरा जुन्या सहकाऱ्याला; तो पुढं एका पुरवठादाराकडं लागला होता. त्यानं उचललाच नाही, मेसेज टाकला: 'मॅडम, मी ती कंपनी सोडली.'

तिसऱ्याची मला धास्तीच वाटायला लागली. आईला जाऊन वर्ष झालं होतं, लग्न मी केलं नव्हतं. क्रांती चौकामागच्या फ्लॅटमध्ये टीव्ही सोडला तर कोणी बोलणारं नव्हतं. राहिला दौलताबादचा दादा. तिथंही असंच झालं, तर आपलं म्हणायला कोणी उरलं नाही, हे मला कळत होतं.

फोन वहिनींनी उचलला. पहिलंच वाक्य, "कोण गेलं?"

"कोणी नाही हो. सहज केला."

"खरं सांगा, वन्सं!" मागून दादा ओरडला, "काय झालं तिला?" आणि फोन कटला.

तासाभरात दोघं मोटारसायकलवर दारात. दादाच्या पायाला शेतातला चिखल तसाच. मला धडधाकट बघून त्याचा पारा चढला. "काही झालंच नाय, तर फोन कशापायी केलास? जीव टांगणीला लावला ना आमचा!"

चहा झाला. धारा काढायच्या राहिल्यात म्हणून दादा उठला. वहिनीही उठल्या, चपला घालता घालता म्हणाल्या, "बरं हाय ना तुमचं? काही असतं तर राहिले असते मी."

दुखण्याचं सोंग मी जन्मात घेतलं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "वहिनी, पाठ दुखते हो माझी. दोन दिवस झाले."

दादा एकटाच गेला. वहिनींनी तेल कोमट केलं, मला पालथं निजवलं आणि पाठ चोळायला बसल्या. आई गेल्यापासून माझ्या अंगाला कोणाचा हात लागला नव्हता. मला रडू आवरेना. वहिनींना वाटलं, दुखरी जागा सापडली.

"इथंच ना?" म्हणत त्या आणखी जोरानं चोळायला लागल्या.

मी म्हटलं, "हो, तिथंच."