मास्तरांच्या अंगठ्याचं नख

"नख मांसात शिरलंय," जालन्याचे डॉक्टर माझा अंगठा निरखत म्हणाले. "याला इनग्रोन टोनेल म्हणतात. नखाची कड बाजूच्या मांसात घुसते. कोपरे इतके खोल कापायला कुणी सांगितलं?"

बायको, सुनंदा, म्हणाली, "सांगतंय कोण! हेच शाळंत पोरायला शिकवून राह्यलेत."

घनसावंगीजवळच्या शाळेत मी खेळाचा शिक्षक. दर सोमवारी पोरांची नखं तपासतो.

सुरुवातीला नुसतं ठणकायचं. बूटही घट्ट होते. मी ब्लेडनं कोपरा आणखी खोदला. दोन दिवस बरं वाटलं, मग अंगठा टोमॅटोसारखा फुगला, पू आला. पायाला चादर लागली तरी ओरडायचो.

शेजारचे नाना बघायला आल्ते. म्हणाले, "तुला शुगर हाय ना? मंग अंगठा जातोय बघ."

या धास्तीनं मी आठ दिवस दवाखाना टाळला. तुम्ही टाळू नका. शुगर असेल तर पहिल्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरांनी शुगर तपासली, पायाची नाडी पाहिली. मी हळूच विचारलं, "अंगठा ठेवताल ना?"

"अंगठा कशाला काढू? नखाची कडेची पट्टी काढायची."

त्यासाठी लोकल ॲनेस्थेशिया दिला, म्हणजे फक्त अंगठा बधिर करणारं इंजेक्शन. ते मात्र झोंबलं. मी असा ओरडलो, की बाहेरचे दोन पेशंट नंबर सोडून निघून गेले, असं सुनंदा सांगते.

मग डोळे मिटून कॉट गच्च धरली.

"सर, कॉट सोडा. झालं."

"सुरू कधी केल्तं?"

पट्टी परत उगवू नये म्हणून मुळाशी औषधही लावून झालं होतं. नख सरळ कापा, कोपरे खोदू नका, बूट ढिले घाला, एवढं सांगून त्यांनी सोडलं.

चार दिवस पाय उशीवर ठेवून पडून होतो. खाली गादीवरून घरात माणसांचे फक्त पाय दिसतात. सुनंदाच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. एकीतून रक्त येत होतं, आणि ती माझ्यासाठी पाणी गरम करत होती.

ड्रेसिंगला गेलो तेव्हा डॉक्टरांना म्हणालो, "माझं बराबर आहे. आधी हिचे पाय बघा."

सुनंदानं पदर तोंडाला लावला. "वीस वर्सं झाली लग्नाला," ती डॉक्टरांना म्हणाली, "आज दिसले माझे पाय ह्यायला."