झाडाखालची जागा

आमच्या आरव्हीच्या टपावर मी इंटरनेटची डिश बसवली ती जूनमधल्या एका शनिवारी, अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या आमच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेत. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. मागे पलंग, मध्ये ओटा, पुढे स्टिअरिंग. आमची बारा वर्षं जुनी, दुसऱ्याच्या हातची. डिश मात्र नवी कोरी होती. म्हणायला डिश, दिसायला पांढरी चौकोनी पाटी. ती थेट उपग्रहाशी बोलते, त्यामुळे जिथे मोबाइलची रेंज नाही तिथेही नेट मिळतं.

कंपनीच्या व्हिडिओत दोन पद्धती होत्या. स्टँडवर ठेवून हवी तिथे उचलून न्यायची, नाहीतर टपावर कायमची बसवायची.

बायको खाली शिडी धरून उभी होती. ती म्हणाली, "अरे, स्टँडच बरा. उचलता तरी येईल."

"वाऱ्याने पडली म्हणजे? एकदाच पक्कं करून टाकतो."

आमच्या घरी वस्तू एकदाच यायची, म्हणून ती पक्की बसायची. माझे वडील बाजार समितीत हमाल होते. आमचा पहिला पंखा त्यांनी असा ठोकला होता, की घर सोडताना तो तिथेच ठेवून यावं लागलं. मी डिशच्या पट्टीला सहा स्क्रू मारले, वर सीलंटचा जाड थर दिला, केबल आत घेतली आणि तिच्या भोकाभोवतीही सीलंट भरलं. अर्ध्या तासात नेट सुरू झालं. मुलगी आतून ओरडली, "बाबा, इट्स सो फास्ट!" मी टपावर बसून भारतात, आमच्या तालुक्याच्या गावी, माझ्या शाळेतल्या सरांच्या मुलाला मेसेज केला : जुलैतल्या त्या रविवारचं नक्की.

हा सगळा खटाटोप सरांसाठी होता. सरांनी मला आठवीपासून गणित शिकवलं. पत्र्याच्या खोलीत आम्ही साठ मुलं, आणि सरांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचायचा. मी शेवटच्याच बाकावर असायचो. बारावीनंतर इंजिनिअरिंगचे फॉर्म त्यांनी माझ्याशेजारी बसून भरले. प्रवेशाच्या दिवशी रजा टाकून ते एसटीने माझ्यासोबत आले. वडिलांना सहीच तेवढी करता यायची, ती कुठे करायची तेही सरांनीच दाखवलं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. हे मी त्यांना कधी नीट बोलून दाखवलं नव्हतं. जे आपल्याला सगळ्यात जास्त वाटतं, ते मोठ्या माणसाला तोंडावर सांगण्याची आमच्याकडे रीत नाही.

वसंतात सरांच्या घशात गाठ निघाली. जुलैच्या एका सोमवारी ऑपरेशन ठरलं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, म्हणजे त्यानंतर आवाज नाही. डॉक्टरांनी कमीत कमी बोलायला सांगितलं होतं, म्हणून सरांनीच ठरवलं : ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी साडेसातला व्हिडिओवर, एकदाच, पाहून बोलायचं. आमचे सकाळचे दहा. नेमकी त्याच आठवड्यात आमची सहल होती, फेब्रुवारीत बुक केलेली. बायको म्हणाली, "कॅन्सल करू या ना." मी म्हणालो, "कशाला? नेट सोबत घेऊन जाऊ."

कॅम्पग्राउंड न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात होतं. बुकिंगच्या वेळी नकाशावर गाडी लावायची जागा निवडायची होती. मी बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या गावचा. आमच्याकडे सायकलसुद्धा कुणी उन्हात लावत नाही. ज्या जागेवर 'पूर्ण सावली' असं लिहिलं होतं, तशी एकच उरली होती. ती मी चटकन घेतली आणि बायकोला अभिमानाने दाखवली.

शनिवारी दुपारी बाराला पोचलो. गाडीभोवती पाइनची उंचच उंच झाडं, खाली गारवा. मोबाइलला एक कांडीही रेंज नव्हती. मी डिश सुरू केली, सरांच्या मुलाला मेसेज केला, तो गेला. थोड्या वेळाने उत्तर आलं : 'बाबांनी आजपासून सगळ्यांशी बोलणं बंद केलंय. उद्या तुझ्याशी बोलायला आवाज राखून ठेवतोय म्हणतात.' मी निर्धास्त झालो. मेसेज जाणं वेगळं आणि बोलणं सलग चालू राहणं वेगळं, हे मला कळायला हवं होतं. मी नोकरी नेटवर्किंगमध्येच करतो.

रविवारी मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दहाला दहा कमी असताना टेबलाशी बसलो. खिशात कागद होता. त्यावर मी सरांना सांगायच्या गोष्टी लिहिल्या होत्या, नाहीतर ऐनवेळी सुचत नाही. दहा वाजता फोन लागला. सर दिसले. दवाखान्याच्या पलंगावर टेकून बसलेले, गळ्याभोवती मफलर.

"दिसतोस रे," सर म्हणाले. आवाज खरखरीत, पण त्यांचाच. "जाडा झा—"

चित्र थांबलं. दहा सेकंद, वीस सेकंद. मग पुन्हा, "ऐकू येतंय का?"

"हो सर! येतंय!"

"हॅलो? ऐकू येतंय का?"

मुलगी मोबाइलवरचं ॲप बघत होती. त्यात आकाशाचा गोल होता. मोकळं आकाश निळं आणि आड येणारं काहीही लाल. आमचा गोल जवळजवळ सगळाच लाल होता, मध्ये बोटाएवढी निळी फट. उपग्रह त्या फटीतून जाई तेवढा वेळ सर दिसत.

"बाबा, इट्स द ट्रीज," ती म्हणाली.

बायको म्हणाली, "गाडी हलवू या. उठ."

"थांब, आता येईल."

"अरे, झाडं काय बाजूला होणारेत का तुझ्यासाठी?"

मला कळत होतं. पण गाडी हलवायची म्हणजे विजेची केबल काढायची, डिश बंद करायची. चालू असलेलं मी बंद कसं करणार? दर मिनिट-दीड मिनिटाने सर परत येत आणि मला वाटे, आता टिकेल.

"तुला एक सांगायचं राहून गेलंय," सर एकदा म्हणाले. "तू अकरावीत असताना, मी तुझ्या वडिलांना—"

गेलं. पुन्हा आले तेव्हा ते कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत होते. "ऐकू येतंय का? अरे, हॅलो?"

अशी पंचवीस मिनिटं गेली. मग मी उठलो.

पाण्याचा पाइप काढला, मैल्याचा काढला, वीज काढली. गाडी समतल ठेवणारे पाय वर घेतले, एक अडकला. शेजारच्या गाडीतले म्हातारे गृहस्थ कॉफीचा मग घेऊन बघत होते. त्यांनी एकदा डिशकडे पाहिलं, एकदा झाडांकडे आणि अडकलेला पाय सोडवायला गुडघ्यावर बसले. तळ्याकाठी होड्या उतरवायची मोकळी जागा आहे, तिथे जा, असं त्यांनीच सांगितलं. डिश सुटी असती तर ती, एक बॅटरी आणि मी चार मिनिटांत तिथे चालत पोचलो असतो. ती माझ्या सहा स्क्रूंनी टपाला घट्ट धरून ठेवली होती.

तळ्याकाठी लख्ख ऊन होतं. डिशने आकाश शोधायला काही मिनिटं घेतली. मग गोल पूर्ण निळा झाला आणि सर इतके स्पष्ट दिसले, की मफलरची वीण मोजता आली असती.

सरांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला.

"आवाज बसला रे," बाजूने त्यांचा मुलगा म्हणाला. "मघापासून किती वेळ हॅलो-हॅलो करत होते. मी म्हटलं थांबा, तर ऐकतील कशाला."

सरांना माझं ऐकू येत होतं. कागद खिशात होता. मी म्हणालो, "सर, सॉरी. सर, झाडं होती. सर, सॉरी." एवढंच बोलत राहिलो. सरांनी हाताचा पंजा दाखवून मला थांबवलं, वर्गात थांबवत तसा. मग बोटं ओठांशी नेऊन विचारलं, जेवलास का? मी मान हलवली. नर्स आली. सर हात उंच करून पडद्यातून गेले.

ऑपरेशन नीट झालं. सर घरी आले. आता आम्ही रविवारी फोन करतो, श्रूजबरीच्या घरातून. नेट एकदाही तुटत नाही. मी बोलतो आणि सर पाटीवर लिहितात. अक्षर फळ्यावर असायचं तसंच, डावीकडे किंचित झुकलेलं. कागदावरचं सगळं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला, आणि पाटीवर लिहिलं, 'बरं.'

मग मी विचारलं, "सर, त्या दिवशी वडिलांबद्दल काय सांगणार होता? मी अकरावीत असतानाचं?"

माझे वडील आता नाहीत. आणखी कुणाला विचारण्यासारखं नाही.

सरांनी पाटी पुसली. कोरी झालेली पाटी पुन्हा एकदा पुसली. मग लिहून पाटी वर केली : 'आठवत नाही.'

सरांना माझा दहावीचा बैठक क्रमांक अजून पाठ आहे.