काय घातलं, काय निघालं

माझा शाळेपासूनचा दोस्त दत्ता गेला त्याला आता दीड महिना होईल. फोन आला तेव्हा मी कडावच्या डेअरीवर दूध घालत होतो. “भावोजी, हे गेले…” एवढंच वहिनी म्हणाल्या. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आमचं भांडण मिटायचं राहिलं.

भांडण एका कादंबरीवरून. शाळेत असताना दोघांनी मिळून घेतलेली, जादूगाराची. पुढे दत्ता रसायनीच्या केमिकल कारखान्यात ऑपरेटर झाला, मोहोपाड्याला राहायला गेला, तरी पुस्तक आमच्यात फिरत राहिलं. त्यातल्या जादूगाराने मंत्र म्हटला की त्याचं स्वतःचं काहीतरी जायचं. नदी थांबवली, हातातला जोर गेला. मुकीला वाचा दिली, झोप गेली. कारखान्यात प्रत्येक बॅचला काय घातलं, काय निघालं हे वहीत लिहितात, तसं दत्ता प्रत्येक मंत्राशेजारी समासात पेन्सिलीने लिहायचा, ‘घातलं: हातातला जोर. निघालं: नदी थांबली.’ खाली सहीसुद्धा! “अरे बाबा, कादंबरी हाय, रिअ‍ॅक्टर नाय,” मी चिडवायचो.

शेवटच्या प्रकरणात मात्र जादूगार मेलेल्या मित्राला उठवतो आणि त्याचं काहीच जात नाही. माझं सगळ्यात लाडकं प्रकरण. दत्ताचा तिथला शेरा: ‘घातलं: काही नाही. बॅच बाद.’ शेवटच्या भेटीत तो अंथरुणाला खिळलेला, तेव्हा मी नेमकं तेच वाचून दाखवलं.

“फुकटात कोन उठतंय रं विलास?” तो म्हणाला.

मी भडकलो. “तुला कशातच गोडी नाय लेका!” पुस्तक तिथेच टाकून निघालो. आजारी माणसाशी असं बोलतं का कुणी? चार दिवसांनी तो गेला.

तेराव्याला वहिनींनी पुस्तक माझ्या हातात दिलं. हल्ली फार थकायला होतं… दूध घालून आलो की नुसतं पडून राहावंसं वाटतं. परवा तसाच पडल्या पडल्या पहिल्यापासून वाचलं. शेवटच्या प्रकरणाशी आलो आणि खरं सांगतो, संताप आला. नुसता हात फिरवला आणि उठला? हे लिहिणाऱ्याने कधी कुणाला स्मशानात पोचवलेलंच नसणार. दत्ताचंच खरं होतं.

मग समासाकडे लक्ष गेलं. ‘बॅच बाद’ खोडलं होतं. खाली थरथरत्या अक्षरात, ‘घातलं: सापडत नाही. निघालं: विलास खूश. चालेल.’ आणि सही.

पेन्सिलीचा तुकडा त्याच पानात होता, अजून तिथेच आहे. मला आता ते प्रकरण चालत नाही रं दत्ता, आणि हे सांगायला तू नाहीस.