कुंकवाखालचं बटण

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मांडवीच्या आमच्या आळीत टीव्हीसुद्धा मोजक्याच घरांत होते. आमचे हे बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. एका सफरीच्या शेवटी सिंगापूरला त्यांनी ते धूड विकत घेतलं, आणि मुंबईहून एसटीत पडद्याचं खोकं मांडीवर घेऊन, पाय अवघडवून रत्नागिरीपर्यंत आणलं. आळीतली माणसं बघायला आली. कुणी विचारलं, यात सिनेमा दिसतो का? नाही म्हटल्यावर चहा पिऊन गेली.

मी मात्र त्या मशीनवर डोळे लावून बसले होते, आणि ते काही हौसेनं नव्हे. माझी थोरली झाली तेव्हा हे कुठल्याशा समुद्रात होते. मुलगी झाल्याची तार त्यांच्या हाती पडली, तोवर इकडे तिचं बारसंसुद्धा उरकलं होतं. आता मला पुन्हा दिवस गेले होते. या खेपेला माणूस घरात हवा, असं मी एकदा नाही, उठता-बसता म्हणत होते. शेवटी ह्यांनी कबूल केलं होतं की, या मशीनवर घरबसल्या कामं मिळाली तर पुढच्या बोटीवर चढणार नाही. म्हणजे माझ्या दृष्टीनं ते मशीन चाललं तर नवरा घरी, आणि बसलं तर नवरा दर्यावर, इतका साधा हिशोब होता.

पहिलं काम चालत आलंही होतं. एका पतपेढीचे अध्यक्ष ह्यांच्या ओळखीचे होते. त्यांना सभासदांच्या याद्या हव्या होत्या, कधी नावाप्रमाणे लावलेल्या, कधी गावाप्रमाणे. दसरा झाला की येतो, मशीन कसं चालतं ते डोळ्यांनी बघतो आणि मग ठरवतो, असं ते म्हणाले. ह्यांनी नमुन्याची यादी मशीनमध्ये घालून ठेवली. मीही शिकत होते. कॉलेजात असताना टायपिंगची परीक्षा दिली होती, त्यामुळे बोटं माझीच जास्त चालायची. हे कौतुकानं बघत राहायचे. पुढच्या बाजूला बटणं होती, त्यांतलं चालू-बंद करायचं तेवढं मला दाखवलं होतं. बाकीच्यांच्या वाटेला जाऊ नकोस, असं बजावलं होतं, आणि मी गेले नाही. यादी लावायला सांगावी आणि चुलीवरच्या चहाला उकळी यायच्या आत नावं रांगेत उभी राहावीत, असं चाललं होतं.

मग दसरा आला. घरातली झाडून सगळी हत्यारं पाटावर मांडली गेली. विळी, कोयती, ह्यांचे पान्हे, माझं शिवणयंत्र. सासूबाईंनी कॉम्प्युटरही सोडला नाही.

"घरात कामाक येतां तां सगळां पुजायचां," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याला झेंडूची माळ घातली आणि पुढच्या बाजूला, जिथं अंगठा टेकेल अशी सपाट जागा दिसली तिथं, हळद-कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं. मीही मनोभावे नमस्कार केला. तुळशीपुढंसुद्धा मी इतकं हात जोडून कधी मागितलं नसेन.

दुसऱ्या दिवशी मशीन सुस्तावलं होतं. एक अक्षर दाबलं की ते पडद्यावर यायला जरा विचार करायचं. चार शब्द भरभर टाइप केले की मी पुढं आणि अक्षरं मागून, लंगडत. यादी लावायला घेतली तर चहा उकळला, गाळला, पिऊन झाला, कपबशा विसळून झाल्या, तरी नावं आपली जागा शोधतच होती.

"अहो, हे असं काय करतंय?"

ह्यांनी बघितलं. दोन-चार अक्षरं दाबली, बंद करून पुन्हा चालू केलं. फरक शून्य.

"व्होल्टेज कमी असेल," म्हणाले.

व्होल्टेजवर आमचा पहिला दिवस गेला. घरातला पंखा बंद, दिवे बंद, शेजारी मिक्सर लावायचा तर आधी सांगा म्हणून निरोप. काही उपयोग झाला नाही. मग हवेतल्या दमटपणाची पाळी आली. आमच्याकडे समुद्राची हवा लोखंडसुद्धा खाते, तर या नाजूक वस्तूचं काय, म्हणून आतल्या पट्ट्या बाहेर काढून खोडरबरानं घासल्या, स्पिरिटनं पुसल्या. सगळा दिवस घरात दवाखान्याचा वास. मग मुंग्यांचा संशय आला. मुंग्या नव्हत्या, पण एक पालीचं अंडं मात्र निघालं. मला इतका आनंद झाला की, हेच ते, सापडलं, म्हणून मी सासूबाईंना हाक मारली. अंडं गेलं तरी सुस्ती गेली नाही.

"नजर लागली हो, दुसरां काय," सासूबाई म्हणाल्या. "आळीतली माणसां टकामका बघून गेली ना!"

त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला की नजर नव्हती म्हणतात. आम्ही सगळे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खोकलो. मशीनच तेवढं ढिम्म.

त्या दिवसांत मला अन्न गोड लागत नव्हतं. चालताना, वाकताना, थोरलीची वेणी घालताना एकच विचार डोक्यात फिरायचा. त्यातच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मुंबईच्या एजंटचा फोन आला. बोट तयार आहे, येताय की नाही ते कळवा. दुकानातला माणूस बोलवायला आला तेव्हा हे चपलासुद्धा न घालता गेले. मी दारात उभी राहिले. परत आल्यावर विचारलं, काय सांगितलंत?

"मशीनचं काय होतंय ते बघून कळवतो म्हटलं."

यात वावगं काही नव्हतं. मीच तर असा हिशोब मांडला होता. तरी मी त्या रात्री पोटावर हात ठेवून छताकडे बघत पडून राहिले, आणि शेजारी हे शांत घोरत होते.

एक गोष्ट मला दिसत होती. मशीन बिघडल्यापासून ह्यांची भूक वाढली होती. सकाळी पेज, दुपारी भरपेट जेवण, वर आंबोशीचं लोणचं मागून घ्यायचे. संध्याकाळी जेट्टीवर जाऊन उभे राहायचे आणि येताना शीळ घालत यायचे. काही माणसं काळजीनं जास्त जेवतात, अशी मी मनाची समजूत घातली. शीळ कशाची ते मात्र समजूत घालूनही समजेना.

बोटीवर हा माणूस नावाजलेला होता. इंजिनखोलीतला बिघाड म्हणे नुसत्या आवाजावरून ओळखायचा. आणि घरातलं खोकं रोज उघडून बसायचा, रोज मिटायचा. एकदा मी ओलं फडकं घेऊन मशीनची पुढची बाजू पुसायला गेले. झेंडूची माळ केव्हाच सुकून गेली होती, पण हळद-कुंकू घामट हवेनं ओघळून पसरलं होतं आणि बघायला बरं वाटत नव्हतं.

"असू दे ते," हे चटकन म्हणाले. "आईनं लावलेलं कुंकू आहे. आपण होऊन पुसू नये."

मी हात मागे घेतला. देवळात दाराशीच उभा राहणारा माणूस एकदम इतका श्रद्धाळू झाला, हे खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मला वाटलं, संकटात माणूस देवाकडे वळतोच. मीही नव्हते का वळले?

अध्यक्षांचा निरोप आला की उद्या जेवणाआधी येऊन जातो.

त्या सकाळी मी लवकर आवरलं. खुर्च्यांवर धुतलेले अभ्रे घातले, पोह्यांची तयारी ठेवली. हे ओटीवर खांबाला आरसा टांगून दाढी करत होते. मी मशीन चालू केलं, यादी लावायला सांगितली आणि नेहमीसारखी नावं रेंगाळायला लागली. समोर ते ओघळलेलं कुंकू. लोक येणार, आणि घर असं दिसणार? देवा, माफ कर, म्हणत मी पदराचं टोक ओलं केलं आणि ते जोर लावून पुसलं.

खट्.

बोटाखाली काहीतरी हललं. कुंकवाखाली एक चौकोनी बटण होतं. आत दाबलेलं होतं, ते माझ्या रेट्यानं बाहेर आलं होतं. त्याच्या शेजारी, हळदीच्या डागाखाली, एक बारीक पिवळा दिवा लागला. हा दिवा पूर्वीही असायचा, हे मला आत्ता आठवलं. पिवळ्यावर पिवळी हळद बसली होती, तो विझलाय हे कोण बघणार? मी पडद्याकडे बघितलं. नावं धावत होती. बघता बघता यादी लागून थांबलीसुद्धा.

मशीनचा वेग कमी-जास्त करायचं ते बटण होतं. सासूबाईंनी दसऱ्याला भक्तिभावानं अंगठा टेकला, तेव्हा ते दाबलं गेलं होतं. व्होल्टेज नाही, दमट हवा नाही, नजर नाही, बिघाडच नव्हता. ह्यांना हाक मारायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात ओटीवरून ह्यांचाच आवाज आला.

"सापडलं का ते बटण?"

मी अजून चकार शब्द काढला नव्हता.

मी बाहेर गेले. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. हे आरशातच बघत होते.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवसापासून."

"आणि मग खोडरबर काय, स्पिरिट काय, सगळी सोंगं?"

ह्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला आणि तसाच धरून राहिले. "इथं खुर्चीत बसून लोकांची नावं टायपायची," ते म्हणाले, "मला नाही जमणार. घरात आवाजच नसतो. झोपायला जमिनीखाली इंजिन लागतं मला. तुला सांगायचं कसं, ते कळेना."

"म्हणून आईच्या कुंकवाआड लपलात?"

मला संताप आला होता. वस्तरा हिसकावून परसात फेकावा असं वाटलं. रडूही येत होतं, आणि त्याचाही राग येत होता. इतके दिवस मी देवाला साकडं घालत होते, आणि माझ्या विरुद्ध देव नव्हता, तर समोर बसून लोणचं मागून जेवणारा माणूस होता. पण त्या अर्ध्या साबणातला चेहरा बघितला, आणि तो चुकार पोरासारखा इतका हवालदिल होता की मी आत जाऊन पोहे फोडणीला टाकले.

अध्यक्ष आले. पोहे खाल्ले. यादी सरसर लागलेली बघून त्यांनी दोनदा पुन्हा लावायला सांगितली.

"झकास," म्हणाले. "पण हे रोज चालवणार कोण? साहेब तुम्हीच ना?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. ती परवानगी मागत होती.

"मी चालवणार," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्ही?" अध्यक्ष म्हणाले. मी खुर्ची पुढं ओढली आणि त्यांचंच नाव टाइप करून दाखवलं.

दिवाळी झाल्यावर हे गेले. धाकटा झाला तेव्हाही समुद्रातच होते. या वेळी तार बारशाआधी पोचली, तेवढीच काय ती सुधारणा. पतपेढीच्या पाठोपाठ आणखी कामं आली. मूल पायांवर आडवं निजवून मी टाइप करायची. ह्यांच्या सोंगाबद्दल सासूबाईंना मी काहीच सांगितलं नाही. मशीन बरं झालं आणि तरी मुलगा गेला, याचा अर्थ त्यांनी काय लावला, ते त्यांनीही बोलून दाखवलं नाही.

पुढच्या दसऱ्याला पुन्हा पूजा मांडली. झेंडूची माळ घातली. हळद-कुंकवाचा अंगठा मशीनकडे नेता नेता सासूबाई थांबल्या.

"ह्यां बटण कसलां गो?"

मला थट्टा सुचली. वर्षभर आत साचलेलं होतंच.

"ते होय? ते दाबलं की तुमचा मुलगा बोटीवर जातो."

त्या हसतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी विस्तवाला लागल्यासारखा हात मागे ओढला. अंगठ्यावरचं कुंकू त्यांनी मशीनच्या पार मागच्या बाजूला नेऊन लावलं, आणि बराच वेळ डोळे मिटून हात जोडून उभ्या राहिल्या.