ऑक्सिजनचा गोळा

पाटील सर गेल्याची बातमी आमच्या रोह्याच्या शाळेतल्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर आली, तेव्हा मी आधी ती पाठवणाऱ्याला फोन करून खात्री करून घेतली. संशय हा माझा जुना रोग. सर खरंच गेले होते… आणि याच रोगापायी मी एकदा त्यांच्याशी फार वाईट वागले होते.

अकरावीला आम्ही दोघं रसायनशास्त्र शिकवायचो, एकेक तुकडी वाटून घेतलेली. त्या वर्षी सहामाहीचा पेपर मी काढला होता. ऑक्सिजन, फ्लोरिन, सोडियम आणि मॅग्नेशियम यांचे आयन त्रिज्येच्या उतरत्या क्रमाने लावा, असा एक प्रश्न होता. चौघांकडेही इलेक्ट्रॉन दहाच; केंद्रातले प्रोटॉन वाढतात तशी ओढ वाढते आणि आयन लहान होत जातो. म्हणजे सर्वांत मोठा ऑक्सिजनचा. सरांच्या तुकडीतल्या झाडून सगळ्या मुलांनी मात्र फ्लोरिन पहिला लिहिला, ऑक्सिजन दुसरा. एखाद्याचं चुकलं तर समजू शकते, पण अख्ख्या वर्गाची एकच चूक? पेपर फुटला, सरांनीच फोडला आणि कुणाचं तरी चुकीचं उत्तर सगळ्यांनी पाठ केलं, असं मी ठरवून टाकलं. पेपर ठेवलेल्या कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडे होतीच. धाटावच्या कंपन्यांतल्या साहेबांची मुलं त्यांच्या तुकडीत होती, तेही मी मनातल्या मनात जुळवलं आणि तडक प्राचार्यांकडे गेले.

प्राचार्यांनी बोलावल्यावर सर एवढंच म्हणाले, "चूक माझीच हाय. पोरांना शिक्षा नको." तोच कबुलीजबाब धरला गेला. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "बाई, एकदा पेणला चला. काय झालं ते तिथं दाखवतो." पेण ही त्यांची सासुरवाडी. मला वाटलं, तिथे नेऊन बायकोला माझ्यासमोर रडायला लावतील… मी गेले नाही. त्यानंतर त्यांना अकरावी कधीच मिळाली नाही. पेपर फोडल्याची कुजबुज निवृत्तीपर्यंत त्यांच्या मागे राहिली आणि मी ती थांबवली नाही.

मागच्या आठवड्यात सरांच्या पत्नीला, वहिनींना भेटायला गेले. त्या आता पेणला भावाकडे असतात. त्याचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना घराला लागूनच आहे. मी रोह्याची, रसायनशास्त्राची, हे कळताच तो म्हणाला, "तुम्हीच काय त्या बाई? भावोजी सांगून ठेवायचे, एक बाई येतील बघायला, गोळे फेकू नको."

मग त्यानेच सगळं सांगितलं. सर रविवारी मुलांना इथे आणून शाडूच्या गोळ्यांवर आयनांची मापं शिकवायचे. ऑक्सिजनचा गोळा पहिल्या रविवारी झाला, फ्लोरिनचा सगळ्यात शेवटी. शाडू सुकताना आटतो, हे खांब गावच्या भातशेतीत वाढलेल्या सरांच्या ध्यानात आलं नाही. पहिला आटलेला, शेवटचा ओला. मुलांनी दोरीने मोजलं, जे भरलं ते वहीत उतरवलं आणि पेपरातही तेच लिहिलं.

चारही गोळे फळीवर होते, केव्हाच खडखडीत वाळलेले. मी दोरी मागितली. एकदा मोजून माझं समाधान होईना, म्हणून पुन्हा मोजलं. ऑक्सिजनचाच मोठा भरला.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "बरोबर हाय ना, बाई?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. सर असताना मी हे म्हणायला हवं होतं…